मला रोगप्रतिकारक पेशींवर काम करायचंय, मग गाइडनी हातात यीस्ट का दिलं?

पीएचडीला नुकत्याच लागलेल्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जखमेपर्यंतची वाट कशी शोधतात, यावर तिला काम करायचंय. गाइडनी मात्र पहिलं वर्ष यीस्टच्या सिग्नलिंगला (पेशीतल्या निरोपांना), दुसरं रक्तातल्या पेशींना आणि तिसरं ऊतीसारखी जाळी असलेल्या कोलॅजन जेलला व झेब्रा माशांना वाटून टाकलंय. ती विचारते, "पावाच्या यीस्टवरून माणसाच्या पेशीबद्दल काय कळणार? आणि दोन दगडांवर पाय नको म्हणतात, इथे तर तीन आहेत."

मी या तिन्ही ठिकाणी काम केलंय, फक्त क्रम वेगळा होता. आधी रक्त, मग जेल, आणि सगळं अडल्यावर यीस्ट. त्यात माझी निदान दोन वर्षं फुकट गेली. तेव्हा तुमच्या गाइडची बाजू घेतेय, पण थोडा हेवा वाटूनच.

प्राणी कुठला, पेशी कुठली, हे क्षणभर बाजूला ठेवा. तुमचा प्रश्न दिशेचा आहे. पायात काटा रुतला की न्यूट्रोफिल रक्तवाहिनीतून बाहेर पडतात आणि मिनिटाला साधारण १० मायक्रोमीटर, म्हणजे जवळपास स्वतःच्याच लांबीइतकं अंतर कापत तिथे पोचतात. त्यांना वास येतो. जिवाणू आपली प्रथिनं फॉर्मिल-मेथिओनीनने सुरू करतात. आपल्या पेशी तसं करत नाहीत. अपवाद आपल्याच मायटोकॉन्ड्रियांचा, कारण त्यांचे पूर्वज जिवाणू होते. म्हणून फॉर्मिलचा वास आला की न्यूट्रोफिलने समजायचं, एक तर जिवाणू घुसलेत किंवा आपलीच पेशी फुटलीय. दोन्ही वेळी तिकडे जाणं भागच. पण 'तिकडे' म्हणजे नेमकं कुठे? सॅली झिगमंड यांनी १९७७ मध्ये दाखवलं की पेशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वासात फक्त १ टक्का फरक असला, तरी न्यूट्रोफिलला दिशा कळते. नाकाची एक बाजू दुसरीपेक्षा १ टक्का जास्त वास घेतेय आणि त्यावरून तुम्ही बटाटेवड्याची गाडी शोधताय, असं समजा.

आता यीस्ट. बेकरच्या यीस्टमध्ये 'ए' आणि 'अल्फा' असे दोन लिंगप्रकार असतात. अल्फा पेशी १३ अमिनो आम्लांचं एक छोटं पेप्टाइड बाहेर सोडते, त्याला अल्फा फॅक्टर म्हणतात. 'ए' पेशीला तो लागला की ती विभाजन थांबवते आणि जोडीदाराच्या दिशेने एक टोक वाढवते. यीस्टला पाय नाहीत, भोवती जाड भिंत आहे, चालत जायची सोय नाही. तिने चुकीच्या बाजूला टोक काढलं तर लग्न मोडलं. टोक काढलेल्या पेशीला आम्ही 'श्मू' म्हणतो. एका जुन्या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेतल्या गोलमटोल प्राण्यावरून हे नाव पडलं.

कोडं तेच, वासाच्या चढावरून, म्हणजे तो कुठल्या बाजूला वाढत जातो त्यावरून, दिशा ओळखायची. सोडवण्याची हत्यारंही बरीचशी तीच आहेत. पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जाणारा रिसेप्टर, म्हणजे वास पकडणारं प्रथिन, दोघींकडे आहे. त्याला चिकटलेलं जी-प्रोटीन वास लागताच फुटतं आणि त्यातला बीटा-गॅमा हा तुकडा पुढचा निरोप नेतो. यीस्टमध्ये हा तुकडा फार१ या प्रथिनाला धरतो, फार१ सीडीसी२४ला तिथे आणून बसवतं आणि सीडीसी२४ सीडीसी४२ला जागं करतं. सीडीसी४२ जिथे जागं, तिथे टोक. न्यूट्रोफिलमध्येही बीटा-गॅमा निरोप नेतो आणि पेशीच्या पुढच्या कडेला सीडीसी४२ जागं झालेलं सापडतं. माणसाचं सीडीसी४२ आणि यीस्टचं सीडीसी४२ यांची अमिनो आम्लं सुमारे ८० टक्के जुळतात. यीस्टचं बिघडलेलं सीडीसी४२ माणसाच्या प्रथिनाने भरून काढता येतं, हे १९९० मध्येच दाखवून झालंय.

हे सुटे भाग सापडले कसे, हे कळलं की यीस्ट आधी का ते उमगेल. अल्फा फॅक्टर 'ए' पेशींची वाढ थांबवतो. मग अल्फा फॅक्टर घातलेल्या प्लेटवर लाखो म्युटंट (जनुकात बिघाड झालेल्या) पेशी पसरा आणि दोन-तीन दिवस थांबा. ज्या तरीही वाढून कॉलनी करतील त्या बहिऱ्या, त्यांना निरोपच पोचत नाही. त्या उचला, त्यांच्यात कुठलं जनुक मोडलंय ते शोधा. स्टे२, स्टे४, स्टे५, स्टे११ ही नावं अशीच पडली. 'स्टे' म्हणजे स्टेराइल, वांझ. १९७० च्या दशकात ही वेचणी सुरू झाली आणि जवळजवळ संपूर्ण वायरिंग हातात आलं. न्यूट्रोफिलच्या बाबतीत हे करून दाखवा बरं! ती विभागत नाही, शरीराबाहेर जेमतेम दिवसभर जगते, तिच्यात जनुकं घालायला जावं तर मरते. आपलं शरीर रोज १०० अब्जांच्या आसपास नवे न्यूट्रोफिल बनवतं, पण त्यातल्या एकीचीही कॉलनी होत नाही.

तुम्ही स्टे११ कडे विशेष लक्ष द्या असं सुचवेन, कारण पुढे तुमचं डोकं तिथेच अडकणार आहे. स्टे११ हे एन्झाइम जोडीदाराचा निरोप नेतं, तेच खारट पाण्याचा निरोप नेतं, आणि उपासमारीत धाग्यासारखं वाढायचा निरोपही तेच नेतं. एका वायरवर तीन घरांच्या घंटा. मग मिठाचं पाणी पडल्यावर पेशी लग्नाची तयारी का करत नाही? काही अंशी कारण असं की स्टे५ नावाचं प्रथिन एका साखळीतल्या कड्यांना मांडीवर घेऊन बसतं आणि पीबीएस२ दुसऱ्या साखळीतल्या. मिठाच्या साखळीचं शेवटचं कडं म्हणजे हॉग१. ते काढून टाका आणि मीठ घाला, पेशी खरोखरच लग्नाच्या तयारीला लागते! १९९४ मध्ये एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचं विष लागल्यावर सस्तन प्राण्यांच्या रोगप्रतिकारक पेशींत जागं होणारं एक एन्झाइम सापडलं. क्रम लावून पाहिला तर ते यीस्टच्या हॉग१चं जवळचं नातेवाईक निघालं. आज त्याला आपण पी३८ म्हणतो, आणि सूज कमी करण्यासाठी त्याला अडवणारी औषधं शोधायचे किती प्रयत्न झालेत ते तुम्हाला माहीत आहेच. जिवाणूच्या विषाचा निरोप नेणारं एन्झाइम एका मिठाला घाबरणाऱ्या बुरशीच्या घराण्यातलं निघावं, याची मला अजूनही गंमत वाटते.

पण शितावरून भाताची परीक्षा करताना भांडं एकच आहे ना, ते बघावं लागतं. न्यूट्रोफिलच्या पुढच्या कडेला पीआयपी३ नावाची एक चरबी जमते, तिचा होकायंत्रासारखा उपयोग होतो. बेकरच्या यीस्टमध्ये ती चरबी बनवणारं एन्झाइमच नाही. शिवाय यीस्ट टोक काढायला तास-दोन तास घेते, न्यूट्रोफिल काही सेकंदांत तोंड वळवते. म्हणून यीस्टमध्ये 'कोण कोणाला धरतं' हे विचारा, 'किती वेळात' हे विचारू नका.

यीस्टच्या टेबलावरच्या खाचाखोचा थोडक्यात. अल्फा फॅक्टर काचेला आणि प्लास्टिकला चिकटतो, त्यामुळे नळीत किती घातला आणि पेशीपर्यंत किती पोचला यांत फार फरक पडतो; थोडं अल्ब्युमिन किंवा केसीन घालून भांडी आधी 'भरवून' घ्या. डब्ल्यू३०३ ही यीस्टची स्ट्रेन (वाण) वापरत असाल तर माध्यमात जादा अॅडेनीन घाला. नाहीतर कॉलनी गुलाबी होतात. ते दिसायला छान असतं, पण तो रंग मायक्रोस्कोपखाली स्वतःच चमकतो आणि तुमच्या चमकणाऱ्या प्रथिनाचं चित्र खराब करतो. एस२८८सी घराण्यातल्या स्ट्रेनमध्ये फ्लो८ हे जनुक मोडलेलं असतं, तिच्यात धाग्यासारखी वाढ शोधत बसू नका. आणि यीस्टचं काम झाल्यावर त्याच दिवशी पेशी-कल्चरच्या खोलीत जाऊ नका. हा नियम आमच्याकडे दारावर चिकटवलेला आहे. यीस्ट कल्चरमध्ये पडलं तर दुसऱ्या दिवशी सगळं गढूळ होतं, हे एक. दुसरं असं की मेलेल्या यीस्टच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकनही पांढऱ्या पेशींना जागं करतं. त्यासाठी त्यांच्याकडे डेक्टिन-१ नावाचा खास रिसेप्टर आहे, तो २००१ मध्ये ओळखला गेला. तसं पाहिलं तर या दोन पेशींची भेट जुनीच. मेचनिकोव्ह यांनी १८८४ मध्ये पाणपिसवांच्या अंगात पांढऱ्या पेशी यीस्टचे बीजाणू गिळताना पाहिल्या होत्या, आणि भक्षक पेशींच्या कल्पनेला तिथूनच बळ मिळालं.

आता दुसरं वर्ष, रक्त. इथे हात सैल ठेवायला शिकावं लागतं. फिकॉल या जड द्रावणावर रक्त सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की मधल्या ढगाळ थरात लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी मिळतात. नवशिका तो थर उचलून खूश होतो. तुमच्या न्यूट्रोफिल मात्र तळाशी लाल पेशींबरोबर बसलेल्या असतात. तिथून त्या काढायच्या तर व्होर्टेक्स नको, उगाच थंड-गरम करणं नको, जोरात पिपेटणं नको. त्या चिडक्या असतात. आणि एकदा चिडल्या की सगळीकडे धावतात, मग तुमच्या ग्रेडियंटला, म्हणजे वासाच्या चढाला, अर्थ उरत नाही. रक्त काढल्यापासून काही तासांत प्रयोग आटपा. एथिक्स समितीची परवानगी, रक्त देणाऱ्याची लेखी संमती, हे पहिल्या दिवसापासून. 'लॅबमधल्याच कोणाचं तरी घेऊ' ही सवय लावून घेऊ नका. त्यात सर्दी झालेल्याचं रक्त आलं तर तो दिवस गेलाच म्हणून समजा.

माझी स्वतःची फजिती सांगते. एका प्रयोगशाळेत असताना तीन महिने माझ्या कंट्रोलच्या पेशीही धावत होत्या. एफएमएलपी (प्रयोगात वापरतो तो फॉर्मिलचा वास) नाही, काही नाही, नुसत्या माध्यमात ठेवलेल्या. मी काच बदलली, सुया बदलल्या, रक्त देणारे बदलले. शेवटी एका सीनियरने विचारलं, "अल्ब्युमिनची बाटली बदललीस का?" त्या बाटलीत एंडोटॉक्सिन होतं. त्याचा अगदी अंश पुरतो. तेव्हापासून पेशींना लागणारी प्रत्येक वस्तू मी एंडोटॉक्सिनच्या चाचणीतून काढते, अगदी पाणीसुद्धा.

त्या तीन महिन्यांतून एक फरक मात्र पक्का कळला. जोरात धावणं वेगळं आणि दिशेने जाणं वेगळं. १९६२ पासून वापरात असलेल्या बॉयडन चेंबरमध्ये वर पेशी, खाली वास आणि मध्ये भोकांचा पडदा असतो. खाली जास्त पेशी उतरल्या म्हणून त्यांना दिशा कळली असं होत नाही. नुसत्या जास्त धावल्या तरी जास्त पडतात. म्हणून एकदा वास फक्त खाली, एकदा फक्त वर, एकदा दोन्हीकडे सारखा ठेवून बघा. दोन्हीकडे सारखा असतानाही तितक्याच पेशी उतरत असतील तर ती दिशा नव्हे, नुसता धिंगाणा. छापून आलेल्या निबंधांतही हा कंट्रोल गाळलेला मी पाहिलाय.

जनुक मोडून बघायचं असेल तर एचएल-६० पेशी घ्या. ल्युकेमियाच्या रुग्णापासून १९७० च्या दशकात मिळालेली ही ओळ अखंड वाढते, आणि डीएमएसओ या द्रावकाच्या १.३ टक्के मिश्रणात पाच-सहा दिवस ठेवली की न्यूट्रोफिलसारखी वागू लागते. 'सारखी' या शब्दावर जोर द्या. खऱ्या न्यूट्रोफिलच्या आत असतात ते दुय्यम कण तिच्यात नीट बनत नाहीत. यीस्टमध्ये सापडलेली कल्पना इथे तपासा, आणि तगली तरच खऱ्या रक्तावर जा.

तिसऱ्या वर्षाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण माझं गर्वहरण तिथेच झालं. काचेवर मी इंटिग्रिन अडवलं की न्यूट्रोफिल जागच्या जागी थांबत. इंटिग्रिन म्हणजे पेशीचे पाय जमिनीला धरून ठेवणारी प्रथिनं. निकाल स्वच्छ होता, आकृत्या तयार होत्या. मग कोणीतरी सुचवलं म्हणून त्याच पेशी कोलॅजनच्या जेलमध्ये टाकल्या, तेच अडवणारं प्रतिपिंड घातलं, आणि त्या मजेत चालत राहिल्या. मला वाटलं, प्रतिपिंड जेलमध्ये शिरतच नाहीय. कित्येक महिने मी जेलला दोष देत बसले. २००८ मध्ये मिखाएल झिक्स्ट यांच्या गटाचा निबंध आला. त्यांनी सगळीच इंटिग्रिन काढून टाकलेल्या डेंड्रायटिक पेशी (आणखी एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) घेतल्या होत्या, आणि जाळीदार जागेत त्या व्यवस्थित पुढे सरकत होत्या. चहूबाजूंनी धागे असले की धरायची गरज नसते; गर्दीच्या लोकलमध्ये दांडी न धरताही माणूस उभा राहतो आणि अंग आकसून दारापर्यंत पोचतो, तसं.

म्हणजे काचेवरचा निकाल खोटा होता का? नाही. काही बाळांमध्ये जन्मतःच ल्युकोसाइटच्या इंटिग्रिनचा एक भाग बनत नाही. त्यांची नाळ गळायला फार उशीर लागतो, जखमेत पू होत नाही, आणि रक्तात मात्र न्यूट्रोफिल मावत नाहीत इतक्या असतात. कारण वाहत्या रक्तातून वाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडायला इंटिग्रिन लागतंच. भिंत ओलांडताना जे अत्यावश्यक, ते भिंतीपलीकडच्या जाळीत बरंचसं गैरलागू. काचेने मला वाहिनीची गोष्ट सांगितली होती, मी ती ऊतीची समजून बसले होते. ऊतींचा नमुना बनवायचा तो याचसाठी, कुठला निकाल कुठल्या जागेचा आहे हे कळावं म्हणून.

जेल लावताना एक लक्षात ठेवा. कोलॅजन आम्लात विरघळलेलं येतं. ते बर्फावर ठेवून उदासीन करायचं आणि मग ऊब द्यायची. दह्यासारखंच, कुठल्या तापमानाला लागलं यावर पोत ठरतो. ३७ अंशांवर पटकन जमलं तर धागे बारीक आणि भोकं लहान, खोलीच्या तापमानाला सावकाश जमलं तर धागे जाड आणि भोकं मोठी. भोकं फार लहान झाली की पेशीचं केंद्रक अडकतं. न्यूट्रोफिलचं केंद्रक पाकळ्यापाकळ्यांचं असल्यामुळे ती फटीतून निसटते, गोल केंद्रकाच्या पेशी मागे राहतात. तेव्हा उन्हाळ्यातला आणि डिसेंबरातला निकाल जुळेना, तर पेशींवर संशय घेण्याआधी खोलीचा थर्मामीटर बघा.

झेब्रा मासा आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-नद्यांचा. १८२२ मध्ये गंगेच्या माशांच्या नोंदीत तो पहिल्यांदा वर्णिला गेला, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळा फिरून आपल्याकडे परत येतो. अळी पारदर्शक असते, आणि पहिल्या काही आठवड्यांत तिच्यात फक्त जन्मजात प्रतिकारशक्ती काम करते, त्यामुळे टी पेशींचा गोंधळ नाही. शेपटीचा शेंडा कापा आणि चमकणारे न्यूट्रोफिल धावताना बघा. २००९ मध्ये याच शेपटीत दिसलं की जखमेच्या कडेला काही मिनिटांत हायड्रोजन पेरॉक्साइडचा चढ तयार होतो आणि पांढऱ्या पेशींना बोलावण्यात त्याचा हात असतो. चेंबरमध्ये आपण एकच वास, एकच सरळ चढ देतो. जिवंत ऊतीत एकावर एक वास येतात, आणि पोचलेल्या पेशी स्वतःच आणखी वास सोडून मागच्यांना हाका मारतात.

इथेच मला यीस्टकडे परत जावं लागलं. खरा पेच असा आहे की, वास पसरतच गेला तर थोड्या वेळाने सगळीकडे सारखाच होईल, मग दिशा उरणार कशी? यीस्टकडे याला साधं उत्तर आहे. 'ए' पेशी बार१ नावाचं एन्झाइम बाहेर सोडते आणि ते अल्फा फॅक्टर कापून टाकतं. जो वास ऐकायचा, तोच ती पुसत राहते. त्यामुळे आसपासचा कोलाहल कमी होतो आणि जवळच्या जोडीदाराच्या बाजूचा चढ उठून दिसतो. बार१ नसलेल्या पेशींना गर्दीत जोडीदार नीट निवडता येत नाही. २००८ मध्ये झेब्रा माशाच्या भ्रूणातही असंच सापडलं. तिथे सीएक्ससीआर७ हा रिसेप्टर वास गिळून टाकतो आणि त्यामुळे वाट काढणाऱ्या पेशींना रस्ता स्पष्ट राहतो. माझ्या जेलमध्ये काही तासांनी पेशी दिशाहीन का होतात, याचं कारण मी पेशींत शोधत होते. पुसणारं कोणी नव्हतं, म्हणून वासच सपाट झालेला होता. पहिल्या वर्षी यीस्ट केलं असतं तर ही शंका मला पहिल्याच दुपारी आली असती.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक प्रयोग लावा, अगदी स्वस्त आहे. दोन प्लेट घ्या. एकीवर बार१ असलेल्या 'ए' पेशी पसरा, दुसरीवर बार१ काढलेल्या. दोन्हींच्या मध्यावर अल्फा फॅक्टरचा सारखाच थेंब टाकलेली कागदाची चकती ठेवा आणि ३० अंशांवर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी बार१ काढलेल्या प्लेटवर चकतीभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ दिसेल. बार१ असलेल्या प्लेटवर ते छोटं असेल, आणि आणखी एक दिवस ठेवलंत तर कडेने हळूहळू बुजत येईल. दोन्हींचे फोटो तारीख घालून वहीत चिकटवून ठेवा. तिसऱ्या वर्षी जेलमधल्या पेशी गोल गोल फिरायला लागल्या की ते पान उघडायचं आहे.